ताप चढताना तळपाय गार का पडतात: मेंदू आणि त्वचेतले रक्त

रात्री लेकराचे अंग कढत लागले की घरातली जाणती बाई थर्मामीटर शोधण्याआधी त्याच्या तळपायांना हात लावते. कपाळ तापलेले आणि तळपाय थंडगार असतील तर ती म्हणते, "ताप अजून चढतोय". तासा-दोन तासांनी तळपाय गरम लागले, मानेवर घाम आला, की "आता उतरेल" असे सांगून ती पांघरूण सैल करते. हे निदान बहुतेक वेळा बरोबर ठरते आणि त्यात नशिबाचा भाग नसतो. मेंदूने त्या घडीला त्वचेच्या रक्तवाहिन्यांना कोणता हुकूम सोडला आहे, तो तिच्या हाताला तळपायावर कळत असतो.

त्वचेला स्वतःच्या पोषणासाठी लागणारे रक्त फार थोडे असते. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते आणि त्यातले साधारण पाव ते अर्धा लिटर त्वचेकडे जाते. कडाक्याच्या थंडीत हा प्रवाह जवळजवळ थांबतो, तर शरीर फार तापले असता तो ६ ते ८ लिटरपर्यंत वाढू शकतो. म्हणजे एरवी सगळ्या शरीराला मिळून जेवढे रक्त पुरते, त्याहून जास्त एकट्या त्वचेतून फिरू लागते. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असा चढउतार क्षणभरही चालणार नाही. त्वचेत तो चालतो, कारण तिथे येणारे बहुतेक रक्त त्वचेसाठी आलेलेच नसते. ते आतली उष्णता बाहेर टाकायला आलेले असते.

याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर रक्त ३७ अंशांवर त्वचेत आले आणि ३५ अंशांवर परत गेले, तर ते सुमारे ७ किलोज्यूल उष्णता मागे ठेवून जाते. मिनिटाला अर्धा लिटर रक्त आले तर ही गती ६० वॅटच्या जुन्या दिव्याएवढी होते, आणि ७ लिटर आले तर ८०० वॅटच्या पुढे जाते. गप्प बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतो आणि त्यातली काही श्वासावाटे व त्वचेच्या थरांतून आपोआपही जाते, त्यामुळे त्याचे अर्ध्या लिटरवर भागते. गड चढणाऱ्या किंवा डोक्यावर पाटी वाहणाऱ्या माणसाचे शरीर मात्र कित्येकपट उष्णता तयार करत असते. या हिशेबात एक खोच आहे. त्वचा जितकी गरम, तितका आतल्या रक्तात आणि तिच्यात तापमानाचा फरक कमी, आणि प्रत्येक लिटरमागे बाहेर पडणारी उष्णताही तितकीच कमी. फरक निम्मा झाला की तेवढीच उष्णता बाहेर काढायला दुप्पट रक्त लागते. कडक उन्हाळ्यात काहीही काम न करता हृदयावर ताण का येतो, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

हा प्रवाह जिथे कमीजास्त होतो ते नळकाम सगळ्या अंगावर सारखे नाही. हाताचा पंजा उपडा-सुलटा करून पाहिला तर हा फरक जवळून कळतो. तळहात, तळपाय, ओठ, कान आणि नाकाचा शेंडा या जागी, त्वचेच्या खाली जरा खोलवर, लहान रोहिण्यांना थेट नीलांशी जोडणाऱ्या नागमोडी आडवाटा असतात. केशवाहिनीची रुंदी ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत असते. या आडवाटा उघड्या असताना तिच्या कित्येकपट रुंद असतात. नळीचा व्यास दुप्पट झाला तर तिच्यातला प्रवाह दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आडवाटा उघडल्यावर तळहात मिनिटभरात लालबुंद आणि गरम का होतो ते समजते. त्या बंद झाल्या की तोच हात पांढराफटक पडतो. मनगटापासून वर, दंड, पाठ, पोट आणि मांड्या या मोठ्या क्षेत्रात अशा आडवाटा जवळजवळ नसतात. तिथले कारभार निराळे आहेत, आणि ते उमगायला शरीरशास्त्रज्ञांना शंभराच्या आसपास वर्षे लागली.

गोष्ट फ्रान्समध्ये सुरू झाली. १८५१ च्या सुमारास क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी मज्जातंतू, म्हणजे इच्छेवाचून आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या जाळ्यातला एक तंतू, एका बाजूने कापला. मज्जातंतू उतींमध्ये उष्णता निर्माण करायला मदत करतात अशी त्यांची कल्पना होती, त्यामुळे कापलेल्या बाजूचा कान गार पडेल अशी त्यांची अपेक्षा होती. झाले उलटे. त्या बाजूचा कान तापला, त्यातल्या रक्तवाहिन्या फुगून डोळ्यांना ठळक दिसू लागल्या, आणि दुसरा कान होता तसाच राहिला. १८५२ मध्ये शार्ल एदुआर ब्राउन-सेकार यांनी कापलेल्या तंतूच्या डोक्याकडच्या टोकाला विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा तोच कान पुन्हा फिका आणि थंड पडला. बेर्नारही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. अर्थ उघड होता. हा मज्जातंतू अखंड संदेश पाठवत राहतो आणि रक्तवाहिन्यांना थोडे आवळून धरतो. तो कापला की पकड सुटते आणि रक्त आत धावते. मेंदूचा हात त्या नळावर कायमचा ठेवलेला असतो, नळ कधी थोडा पिळायचा तर कधी थोडा सोडायचा, इतकेच. अपेक्षा चुकली तरी जे दिसले त्यावर विश्वास ठेवणारे लोक होते म्हणून ही गोष्ट पुढे सरकली, असे मला नेहमी वाटते.

तळहाताच्या बाबतीत हे चित्र आजही पुरेसे आहे: पकड घट्ट झाली की गार, सुटली की गरम. दंडाच्या त्वचेत मात्र ते अपुरे पडले. १९३८ मध्ये ग्रँट आणि हॉलिंग यांनी माणसांच्या मनगट ते कोपर या भागावर प्रयोग केले. साध्या हवेत तिथले मज्जातंतू बधिर केले तर त्वचा थोडीशीच गरम होई. पण माणसाचे सगळे अंग तापवले तर तीच त्वचा कितीतरी अधिक लाल आणि गरम होई. नुसती पकड सुटल्याने एवढा फरक पडणे शक्य नव्हते. पुढे इतरांनी अंग तापलेले असताना मज्जातंतू बधिर करून पाहिले, तेव्हा तिथला वाढलेला प्रवाह उलट खाली आला. म्हणजे तळहात-तळपायांसारख्या जागा सोडून उरलेल्या, केसाळ त्वचेकडे दोन प्रकारचे अनुकंपी तंतू जातात: एक रक्तवाहिन्यांना आवळणारे आणि दुसरे त्यांना मुद्दाम रुंदावणारे. आवळणारे तंतू नॉरॲड्रेनलिन सोडतात. रुंदावणारे तंतू ॲसिटिलकोलिन आणि त्याच्या जोडीने आणखी काही रसायने सोडतात, आणि अंग फार तापते तेव्हा त्वचेत वाढणाऱ्या प्रवाहातला ८० ते ९० टक्के वाटा या दुसऱ्या तंतूंचा असतो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच घर्मग्रंथी नसतात, त्यांच्यात हे रुंदावणेही दिसत नाही. घाम आणि लाली यांची गाठ इतकी पक्की आहे.

आता हे हुकूम देणाऱ्याकडे वळू. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या बऱ्याच मागे, हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे आणि त्याच्या पुढच्या टोकाला, दृष्टितंतू एकमेकांना ओलांडतात त्याच्या लगत, तापमानाची दखल घेणाऱ्या पेशींचा एक पट्टा आहे. १९१२ मध्ये हेन्री बार्बर यांनी सशांच्या मेंदूत बारीक नळी बसवून तिच्यातून कधी गरम, कधी गार पाणी फिरवले. मेंदूचा तो भाग गरम केला की सशाच्या शरीराचे तापमान उतरे, आणि गार केला की चढे. बाहेरची हवा तीच, सशाचे शरीर तेच. फक्त मेंदूतल्या त्या जागेला 'गरम झाले आहे' असा भास दिला की सगळे शरीर त्याप्रमाणे वागू लागे. त्या पट्ट्यात काही मज्जापेशी अशा असतात की त्यांच्याभोवतीचे रक्त जरा तापले तरी त्या अधिक वेगाने संदेश सोडू लागतात.

पण मेंदू केवळ स्वतःच्या तापमानावर थांबला तर त्याला नेहमीच उशीर होईल. हिवाळ्यात पहाटे निफाडसारख्या ठिकाणी गार पाण्याच्या हौदात हात घातला, तर रक्त थंड व्हायला वेळ लागतो, बोटे मात्र काही सेकंदांत पांढरी पडू लागतात. याचे कारण त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असलेली तापमान ओळखणारी प्रथिने. गारवा ओळखणारे एक प्रथिन पुदिन्यातल्या मेंथॉललाही फसते, म्हणून मेंथॉल गार लागते; झणझणीत उष्णता ओळखणारे दुसरे मिरचीतल्या द्रव्याला फसते, म्हणून मिरची 'पोळते'. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या शोधांचा मोठा वाटा होता. त्वचेची ही खबर मज्जारज्जूतून वर जाते, मेंदूच्या देठातल्या एका थांब्यावरून हायपोथॅलॅमसमध्ये पोहोचते, आणि तिथे आतल्या तापमानाच्या खबरीशी तिचा मेळ घातला जातो. या मोजणीत दोन्ही खबरींना सारखे वजन नसते. आतले तापमान एका अंशाने बदलले तर त्वचेच्या एका अंशापेक्षा त्याची दखल कितीतरी अधिक घेतली जाते. त्वचेची खबर म्हणजे वेशीवरून आलेली हाकाटी, तर रक्ताची खबर म्हणजे घरात शिरलेले पाणी.

निर्णय झाला की हुकूम खाली निघतो. हायपोथॅलॅमसचा हा भाग सामान्यतः खालच्या केंद्रांना दाबून ठेवतो, ही त्याची विशेष रीत आहे. मेंदूच्या देठात, लंबमज्जेच्या मध्यरेषेवर, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळण्याचा आदेश देणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे. वरून येणारा दाब कमी झाला की तो पुंजका मोकळा सुटतो, त्याचे संदेश मज्जारज्जूत उतरतात, कण्याच्या बाजूने असलेल्या मज्जागाठींत बदली घेतात आणि तिथून त्वचेतल्या लहान रोहिण्यांपर्यंत जातात. पाठ्यपुस्तके या सगळ्याला घरातल्या वातानुकूलन यंत्राच्या थर्मोस्टॅटची उपमा देतात. मला ती अर्धीच पटते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट एक आकडा बघून एकच कळ दाबतो. इथे त्वचेचे रक्त, घाम आणि कापरे यांचे मार्ग पुष्कळसे वेगळे आहेत आणि प्रत्येकाचा सुरू होण्याचा उंबरठा वेगळा आहे. थोडासा गारवा असेल तर फक्त तळहातांच्या आडवाटा मिटतात, बाकी काही हलत नाही. सावलीत बसलेल्या माणसाचा दिवसाचा बहुतेक कारभार एवढ्यावरच चालतो. घाम आणि हुडहुडी ही खर्चाची हत्यारे आहेत. पाणी आणि अन्न खर्ची पडते. त्वचेतले रक्त कमीजास्त करणे त्या मानाने फुकटात होते, म्हणून शरीर आधी तेच करते.

आता त्या तापलेल्या लेकराकडे परत जाऊ. जंतूंशी झुंजताना शरीरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचे द्रव्य तयार होते आणि ते हायपोथॅलॅमसमधल्या त्या दाबून ठेवणाऱ्या पेशींनाच मंद करते. दाब सैल पडला की खालची केंद्रे जणू गारठा पडला आहे अशा थाटात कामाला लागतात. लेकराचे अंग ३८ अंशांवर असते, पण मेंदूला ३९ हवे असते, म्हणून त्याच्या दृष्टीने ते लेकरू थंडीत कुडकुडते आहे. हातापायांच्या आडवाटा मिटतात, रक्त आत वळते, तळपाय गार पडतात, ओठ थोडे निळसर दिसतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर हुडहुडी भरते. ३९ गाठले की थंडी थांबते. पुढे औषधाने किंवा आपोआप ते द्रव्य कमी झाले की मेंदूचे लक्ष्य पुन्हा ३७ वर येते, आता तेच ३९ अंश 'फार' ठरतात, आणि मग तळपाय गरम, अंग लाल आणि घाम. ताप उतरवणारी पॅरासिटामॉलसारखी औषधे या द्रव्याची निर्मिती कमी करतात. ताप चढत असताना बर्फाच्या पाण्याची पट्टी ठेवली तर त्वचेकडून गारव्याची हाकाटी आणखी मोठी होते, वाहिन्या आणखी आवळतात आणि कापरे वाढते. पट्टी कोमट पाण्याची असावी असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

इथपर्यंतची कथा एका धन्याची झाली. त्वचेच्या रक्ताला दुसराही धनी आहे, रक्तदाब, आणि या दोघांच्या मागण्या कधी कधी एकमेकींच्या आड येतात. उभ्या माणसाचे रक्त पायांकडे ओढले जाते, ते वर खेचून मेंदूला पुरवायचे तर कुठेतरी रक्तवाहिन्या आवळायला हव्यात. उष्म्यात त्वचेच्या वाहिन्या सताड उघड्या असतात आणि त्वचेखालच्या शिरांत पुष्कळ रक्त साठून राहते. आतडी आणि मूत्रपिंड यांचा पुरवठा कमी करून आणि हृदयाचे ठोके वाढवून मेंदू हा ताळेबंद जुळवतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे गेला असता मांडवात तासभर उभ्या असलेल्या वऱ्हाड्याला भोवळ येते, तेव्हा तो ताळेबंद क्षणभर चुकलेला असतो. त्याला आडवे करून पाय वर घेतले की रक्त हृदयाकडे परत येते आणि तो डोळे उघडतो. चार माणसांनी धरून उभे ठेवले तर नेमके नको ते होते.

त्या हवेत आणखी एक विपरीत गोष्ट घडते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते आणि हवा ४५ ची, त्यामुळे हवेकडे उष्णता जाण्याऐवजी ती हवेतून त्वचेत शिरते. तरीही मेंदू त्वचेत रक्त सोडतच राहतो, आणि त्याचे कारण घाम आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण ती उष्णता आतून त्वचेपर्यंत रक्तानेच आणून दिली पाहिजे. टिपकत खाली पडलेल्या घामाचा मात्र काही उपयोग नाही. म्हणूनच मुंबई आणि पणजीच्या दमट हवेत कमी आकड्यांतही जीव कासावीस होतो. म्हातारपणी त्वचेच्या वाहिन्या पूर्वीइतक्या रुंदावत नाहीत आणि हृदयही प्रवाह तितका वाढवू शकत नाही, त्यामुळे उष्माघाताचा धोका वृद्धांना अधिक असतो.

भावनांनाही या नळावर हात ठेवता येतो. परीक्षेच्या दाराशी हात गार पडतात तेव्हा हवा थंड झालेली नसते; भीतीच्या क्षणी अनुकंपी तंतू बोटांच्या वाहिन्या आवळतात. रागाने कान लाल होणे आणि लाजेने गाल आरक्त होणे ही त्याच यंत्रणेची दुसरी बाजू आहे. झोपेच्या आधी तळहात-तळपायांच्या आडवाटा उघडतात आणि आतले तापमान थोडे उतरते. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे प्रयोगांतही दिसले आहे. रजोनिवृत्तीच्या काळात बायकांना अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, छाती आणि मान लाल होऊन घाम फुटतो, त्यालाही मूळ हायपोथॅलॅमसमध्येच सापडते. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर तिथल्या काही पेशी न्यूरोकायनिन बी नावाच्या संदेशद्रव्याच्या जोरावर अतिउत्साही होतात आणि तापमानाच्या केंद्राला खोटी वर्दी देतात. हा संदेश अडवणारे फेझोलिनेटंट हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. 'वयाचा त्रास' म्हणून ज्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्ष झाले, त्याचे कारण पेशींच्या पातळीवर इतके नेमके निघावे, यात मला औषधापेक्षाही जास्त समाधान वाटते.

ही तार तुटली तर काय होते, हे दवाखान्यात रोज दिसते. संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णाचे हायपोथॅलॅमस मंदावते, आवळलेल्या आडवाटा उघडतात, आतले गरम रक्त हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासाभरात आतले तापमान एक-दीड अंशाने उतरू शकते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर गरम हवेचे पांघरूण घालतात ते यासाठी. छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसात मेंदूचा हुकूम इजेच्या खाली उतरतच नाही, त्यामुळे उन्हात त्याचे अंग पटकन तापते आणि थंडीत पटकन गार पडते. जुन्या मधुमेहात लांबचे, म्हणजे पायांकडचे, तंतू आधी झिजतात.

आणि या तारेची परीक्षा घ्यायला बादलीभर कोमट पाणीही पुरते. धुणे धुतल्यावर बोटांच्या टोकांवर सुरकुत्या पडतात, त्या कातडी पाणी पिऊन फुगल्यामुळे पडतात असे बहुतेकांना वाटते. तसे असते तर मज्जातंतू कापलेल्या बोटावरही त्या पडल्या असत्या. पण पडत नाहीत. पाण्यात भिजल्यावर अनुकंपी तंतू बोटाच्या पेरातल्या वाहिन्या आवळतात, आतला गर आक्रसतो आणि वरची कातडी चुणीसारखी दुमडते. यंत्रात बोट सापडून मज्जातंतू तुटलेले एखादे मूल आपल्या दुखण्याविषयी नीट सांगू शकत नसेल, तर डॉक्टर त्याचा हात कोमट पाण्यात ठेवतात. अर्ध्या तासाने चार बोटे सुरकुतलेली आणि एक गुळगुळीत बाहेर येते, आणि टाक्यांनंतर काही महिन्यांनी त्या पाचव्या बोटावरही सुरकुत्या दिसू लागल्या, तर हुकूम पुन्हा तिथपर्यंत पोहोचू लागला आहे असे ते समजतात.